साहेब आणि रांग

ठाण्यात २०२२च्या मे महिन्यात एक चमत्कारिक प्रकार घडला. ‘धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे’ लागला, आणि थिएटरात बसलेल्या निम्म्याअधिक लोकांनी चित्रपटाच्या नायकाला प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. शिवाजी महाराजांवरच्या चित्रपटाच्या वाट्याला हे येत नाही. टिळकांवरच्या चित्रपटालाही आता येणार नाही. तिथे पगडी नीट बसली की नाही, एवढीच आपली धाव. पण या चित्रपटाचे नायक, शिवसेनेचे ठाण्यातले पुढारी आनंद दिघे जाऊन तेव्हा एकवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या काकू मध्यंतरापर्यंत नवऱ्याला दुरुस्त्या सांगत होत्या. गाडी अशी नव्हती, खोली इतकी मोठी नव्हती, बोलणं इतकं सलग नसायचं. मध्यंतरानंतर हळूहळू त्या गप्प झाल्या. दिवे लागले तेव्हा डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, “अगदी असेच होते हो.”

तीन तासांच्या आत हे सगळं झालं. चित्रपटातले प्रसंग मी आता बरेचसे विसरलेय, त्या काकू विसरले नाही.

चित्रपट वाईट होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्रसाद ओकांनी माणूस उभा केला होता, यात वाद नाही. दिग्दर्शक प्रवीण तरडेंना गर्दीची नाडी कळते. मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला थिएटरात नाही, घरी आल्यावर कळला.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, त्यांची एक ठरलेली गोष्ट होती. आम्ही तेव्हा चरईत चाळीत राहायचो. मालकाशी पागडीवरून भांडण विकोपाला गेलं, तेव्हा चाळीतले चार-पाच जण रात्री टेंभी नाक्यावर दिघेसाहेबांच्या आनंद आश्रमात गाऱ्हाणं घेऊन गेले. नानांच्या गोष्टीत साहेब जेमतेम एका वाक्यापुरते यायचे. “ऐकून घेतलं, बघतो म्हणाले.” बाकी सगळी गोष्ट बाहेरच्या रांगेची. दारातल्या चपलांचा ढीग. मुरबाडकडून आलेला कुणी शेतकरी, ज्याने अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात आणि रुमाल बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता. किसननगरची एक बाई, कडेवर तापाने फणफणलेलं पोर घेऊन उभी. तिला पुढे जाऊ दे म्हणून रांगेत झालेली कुरबुर, आणि ज्याने सर्वांत जास्त कुरबुर केली त्यानेच शेवटी त्या पोराला घेऊन घातलेल्या फेऱ्या. नाना हे सांगताना पोर खांद्यावर टाकल्यासारखा हात करायचे. घरातल्या प्रत्येक मुंजीत, बारशात ही गोष्ट व्हायची आणि आम्ही सुना एकमेकींकडे बघायचो.

चित्रपट पाहून आल्यानंतरच्या गणपतीत नानांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी साहेब खुर्चीतून उठले. नानांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “काका, तुम्ही निवांत घरी जा.” पुढे आणखीही दोन-तीन वाक्यं होती, चांगली टाळ्या घेणारी. मी विचारलं, “नाना, आणि ती पोर घेतलेली बाई?”

“कुठली बाई?”

नाना खोटं बोलत नव्हते. त्यांना ते तसंच आठवत होतं. जुन्या भिंतीला नवा रंग दिला की खालची नावं, रेघोट्या, पोरांच्या उंचीच्या खुणा सगळ्या जातात, तसं झालं होतं. नानांना स्वतःच्या गोष्टीत साहेब नीट दिसायला लागले आणि रांग दिसेनाशी झाली.

चरित्रपटाचं कामच हे. कॅमेरा एका चेहऱ्याकडे वळवायचा आणि बाकीच्यांना ‘जमाव’ म्हणून उभं करायचं. जमावाला पैसे देऊन आणतात, कपडे देतात आणि कुठे बघायचं ते सांगतात. त्यामुळे जमावातला प्रत्येक जण नायकाकडेच बघत असतो. खऱ्या गर्दीत असं कधीच होत नाही. तिथे कुणी भलतीकडे बघत असतो, कुणाचं पोर हरवलेलं असतं, कुणाचा पाय दुसऱ्याच्या चपलेवर पडलेला असतो.

या बाबतीत रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’तली अंत्ययात्रा मला फार विचारात पाडते. ३१ जानेवारी १९८१ला, म्हणजे खऱ्या अंत्ययात्रेला बरोबर ३३ वर्षं झाली त्या दिवशी, दिल्लीत ती चित्रित केली. जमलेली माणसं सुमारे तीन लाख. त्यातले दोनेक लाख पैसे न घेता आले होते. पडद्यावर सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. आता हे बिनपैशाचे दोन लाख लोक कशाला आले होते? शूटिंग बघायला, की बापूंना पोचवायला? त्यात साठीच्या पुढचे असे किती असतील जे ४८ सालीही त्याच रस्त्यावर उभे होते? त्या म्हाताऱ्यांना घरी गेल्यावर कुठली अंत्ययात्रा आठवली असेल, कुणाला ठाऊक. त्यांना कुणी विचारायला हवं होतं. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, त्यातलं वेशभूषेचं आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांचं. अंगावरचं सूत नि सूत तपासलं गेलं, पण त्या म्हाताऱ्यांची विचारपूस झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्याच गांधींचा दुसरा चित्रपट आहे विठ्ठलभाई झवेरींचा. १९६८चा, कृष्णधवल, साडेपाच तासांचा, जुन्या फिल्मा आणि छायाचित्रं जोडून केलेला. साडेपाच तास म्हटल्यावर लोक हसतात. मीही तो एका बैठकीत पाहिलेला नाही. स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून, भाजी निवडत, तुकड्यातुकड्याने पाहिला. त्यातल्या जुन्या दृश्यांत माणसं तुरुतुरु धावल्यासारखी चालतात. मूकपटाच्या काळात हाताने हॅण्डल फिरवून सेकंदाला सोळा-अठरा चौकटी टिपायचे, आणि नंतर बोलपटाच्या यंत्रावर त्याच चौकटी चोवीसच्या वेगाने धावतात, म्हणून ही घाई. पण गांधी मुळातच भरभर चालायचे, त्यामुळे नक्की किती घाई यंत्राची आणि किती म्हाताऱ्याची, ते सांगता येत नाही. मला आवडतं ते हे की त्यांच्या बाजूला चालणारे लोक अधूनमधून थेट कॅमेऱ्यात बघतात. गांधी बघत नाहीत, बाकीचे बघतात. एखादा पोरगा तर मागे वळून वळून बघतो आणि पुढच्यावर आपटतो. असा पोरगा कुठल्याही पटकथेत लिहिलेला नसतो.

आपल्याकडे कॅमेरा आला तोच मुळी असा. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१मध्ये केंब्रिजहून गणितात अव्वल येऊन परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत टिपलं. भारतीयाने काढलेला पहिला वार्तापट म्हणून त्याचं नाव घेतात. ज्या देशात पुढे पुढाऱ्यांवर मैलोगणती फिल्म खर्ची पडली, तिथे पहिला ‘सार्वजनिक पुरुष’ म्हणून पडद्यावर गणिताचा मास्तर आला, हे मला फार गोड वाटतं. तो वार्तापट आज बघायला मिळत नाही. मिळाला असता तर मी परांजप्यांकडे कमी आणि त्यांना बघायला चौपाटीवर आलेल्या लोकांकडे जास्त बघितलं असतं.

आमच्या लहानपणी वार्तापट म्हणजे फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था आठवड्याला एक वार्तापट काढायची आणि तो दाखवल्याशिवाय थिएटरवाल्याला मुख्य खेळ सुरू करता येत नसे. त्याचे पैसेही थिएटरवाल्यालाच मोजावे लागत. वंदना टॉकीजला (आता टॉकीज नाही, एसटीचा डेपो मात्र अजून त्याच नावाने ओळखतात) आमचे वडील मुद्दाम उशिरा न्यायचे. “समाचार चुकला तर बरंच,” म्हणायचे. आईला मात्र तो पाहायचा असे. धरणाचं उद्घाटन, पाहुण्या राष्ट्राध्यक्षांना हार, कुठेतरी पूर, शेवटी क्रिकेट. आवाज असा की देशात सगळं ठीक चाललंय आणि नसेल तर लवकरच ठीक होईल. प्रचार होता, सरळसरळ. आणीबाणीत तर विचारायलाच नको. त्याच आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती जप्त करून जाळून टाकल्या. म्हणजे एका हाताने दाखवायचं आणि दुसऱ्या हाताने जाळायचं असा सरकारी कारभार. माहितीपट खरा आणि चित्रपट खोटा, एवढी सोपी विभागणी मी करत नाही ती यामुळेच.

पण परवा त्यातले काही वार्तापट यूट्यूबवर पुन्हा पाहिले. पंतप्रधान कळ दाबतात, तेव्हा निवेदक काय सांगतो तिकडे माझं लक्षच जाईना. मागे डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, थांबा, साहेब जाईपर्यंत हलू नका. त्यांतली एक पाटी न उतरवता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. निवेदकाला ती दिसली नाही. संकलकालाही दिसली नसावी, नाहीतर कापली असती. सरकारने लाखो रुपये खर्चून जे दाखवायचं ठरवलं ते आज कुणाला बघवत नाही आणि जे चुकून राहिलं ते सोन्याच्या मोलाचं. याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये एस. एन. एस. शास्त्रींसारखा वल्लीही होता. १९६७ साली त्याने स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना विसाव्या वर्षी गाठलं आणि विचारलं, काय रे बाबांनो, कसं काय. ‘आय ॲम ट्वेंटी’ जरूर बघा, वीस मिनिटांच्या आसपास आहे. एकही पुढारी नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, मग चरित्रपट काढूच नयेत काय? तसं नाही. ज्यांना कॅमेऱ्याने कधी पाहिलंच नाही, त्यांच्यावर काढा, हक्काने काढा. जोतिबा-सावित्रीबाईंचं चालतं-बोलतं रूप कुठून आणायचं? आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला, बाबुराव पेंढारकर जोतिबा आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब आंबेडकर आले होते. आणि या चित्रपटात खुद्द गाडगेबाबा कीर्तन करताना दिसतात. नट नव्हे, खरे गाडगेबाबा. सगळा चित्रपट नटांचा आणि मध्येच हा एक खरा माणूस, ज्याला कॅमेऱ्याची पर्वा नाही. पेंढारकर मोठे नट, पण माझी नजर तिथेच अडकली. दोन वर्षांनी बाबा गेले. अत्र्यांच्या हातून एका चित्रपटात नकळत दोन झाले.

फुल्यांवरचा नवा हिंदी चित्रपट २०२५मध्ये जयंतीला, ११ एप्रिलला यायचा होता. आक्षेप, सेन्सॉरच्या सूचना यांत दोन आठवडे लांबला आणि २५ला आला. तारखा हा या धंद्यातला वेगळाच अध्याय आहे. ‘ठाकरे’ २५ जानेवारी २०१९ला, लोकसभेच्या तोंडावर. पंतप्रधान मोदींवरचा चित्रपट निवडणूक आयोगाने रोखला, तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी आला. ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ला आणि सव्वा महिन्याने जूनमध्ये शिवसेना कशी फुटली ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरा भाग सप्टेंबर २०२४ला, नोव्हेंबरात विधानसभा. यावर ठाण्यात नाक्यानाक्यावर चर्चा होऊन गेलीय, मी आणखी भर घालत नाही. एवढंच म्हणते, की माणूस गेल्यावर त्याच्या नावाने कोण बोलणार याचं भांडण पूर्वी इस्टेटीवरून व्हायचं, आता चित्रपटावरून होतं.

याच्या उलट सुधीर फडक्यांचा सावरकरांवरचा चित्रपट. लोकवर्गणीतून, बाबूजींनी कार्यक्रम करकरून पैसे जमवून, वर्षानुवर्षं रेटलेला, २००१ साली आलेला. चित्रपट म्हणून कसा आहे यावर वाद घाला, चिकाटीवर घालता येणार नाही.

चिकाटीवरून आठवले नामदेवराव व्हटकर. ७ डिसेंबर १९५६, दादर. बाबासाहेबांची अंत्ययात्रा. एवढा मोठा माणूस गेला आणि ती यात्रा व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली. आज आपण त्या गर्दीची जी हलती दृश्यं पाहतो, ती या एका माणसाच्या हट्टामुळे. फिल्म महाग, कॅमेरा भाड्याचा, आणि समोर मुंबईने तोवर पाहिली नसेल अशी गर्दी. त्या दृश्यांत काय दिसतं? पार्थिव क्षणभर. बाकी माणसं, झाडांवर, गच्च्यांवर, एकमेकांच्या खांद्यांवर. जब्बार पटेलांनी पुढे मामुटींना घेऊन ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ केला, मामुटींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. पण बाबासाहेब कोण होते हे मला व्हटकरांच्या त्या डळमळत्या चित्रणात जास्त कळतं, कारण तिथे ते स्वतः जवळजवळ दिसतच नाहीत. गंमत म्हणजे व्हटकरांवर चित्रपट जाहीर झाला तेव्हा त्यांच्या भूमिकेसाठी नाव आलं प्रसाद ओकांचं! म्हणजे आता रांग टिपणाऱ्या माणसाचाही चरित्रपट.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट मला या सगळ्याच्या वरचा वाटतो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. त्यानंतर १४ वर्षं ते चित्रण करत राहिले. ठाण्याहून मुंबईला जाताना पूर्व द्रुतगती मार्गाला लागून ही वस्ती दिसते. आम्ही बसमधून रोज तिथून जायचो आणि खिडकीतून बाहेर बघायचो नाही, कारण तिथे ट्रॅफिक अडकत नसे. चित्रपटात तीच माणसं गातात, रागावतात, एकमेकांना खोडून काढतात. एकाच घटनेबद्दल तिघांच्या तीन आठवणी आणि पटवर्धन तिन्ही ठेवतात. नानांची जुनी गोष्ट अशीच होती.

आमच्या गल्लीत एक व्हिडिओवाले होते. लग्नं, मुंजी, सत्यनारायण, आणि नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीची मिरवणूक. ते गेले, कॅसेटी माळ्यावर राहिल्या. ठाण्याची हवा दमट, त्यात वर पत्रा. फितीच्या कडांवर पांढरी बुरशी. त्यांचा पुतण्या आता त्या संगणकावर उतरवतोय. जुना व्हीसीआर मिळवलाय, दर कॅसेटनंतर हेड स्पिरिटने पुसायचं, कारण एका कॅसेटची बुरशी दुसरीला लागते. आणि घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. मी कधीकधी त्याच्याकडे जाऊन बसते.

मिरवणुकीची एक कॅसेट अशी आहे की कॅमेरा साहेबांची वाट बघत उभा आहे. ते येईनात. मग व्हिडिओवाले काका कंटाळून दिसेल ते टिपत राहिले. एसटीडी-आयएसडी-पीसीओची पिवळी पाटी. फुगेवाला, त्याचा एक फुगा सुटतो आणि तो शिवी देतो, आवाज नीट ऐकू येतो. पुष्पगुच्छ धरून अवघडलेली दोन पोरं. एक बाई दुसरीच्या केसांतला गजरा सारखा करते. एकदम ढोल वाढतात, सगळे पुढे रेटतात, कॅमेरा हलतो, कुणाच्या तरी कोपराआडून दाढी आणि हार दिसतो, काही सेकंद. मग पुन्हा पाठमोरी गर्दी.

पुतण्या म्हणाला, “काकू, मी साहेबांचे तुकडे काढून रील करतो, वर ढोलचं म्युझिक टाकतो. बाकीचं उडवतो, हार्ड डिस्क भरलीय.”

मी म्हटलं, “रील कर हवं ते. पण उडवू नकोस.”

“त्यात आहे काय?”

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी नवी हार्ड डिस्क मी घेऊन द्यायची आणि मूळ चित्रण न कापता त्यावर ठेवायचं, असं ठरलं. रील त्याने टाकलंच. चांगलं चाललं, खाली भगवे झेंडे आणि हात जोडलेल्या खुणांचा पाऊस. पूर्ण कॅसेट बघायची म्हणून अजून कुणी मागितलेली नाही. काल त्याचा फोन होता. साहेबांच्या कॅसेटी संपल्यात, आता उरल्यात त्या सगळ्या लोकांच्या घरच्या. महिला मंडळाचं हळदीकुंकू, कुणाची तरी बँकेतली निवृत्ती, चाळीतला सत्यनारायण. चाळीवरच्या कॅसेटीला बुरशी जास्त लागलीय, फीत तुटायची भीती आहे, लावू की राहू दे? मी म्हटलं, हेड पूस आणि लाव, मी येतेय.